सिनेमातल्या जागा

गाण्याच्या मैफलीत एखादी जागा, म्हणजे सुरांची एखादी बारीक, नेमकी हरकत, सुरेख आली की आपल्या तोंडून आपसूक 'वा' निघतं. सिनेमाला मात्र आपण अशी दाद देत नाही. थिएटरबाहेर पडलं की पहिला प्रश्न, स्टोरी काय आहे? आज मी स्टोरीला थोडं बाजूला बसवणार आहे, कारण माझा अनुभव असा की मोठ्या प्रसंगाचं वजन आधी येऊन गेलेल्या बारीकसारीक गोष्टीच पेलतात.

इटालियन दिग्दर्शक डी सिकाचा 'बायसिकल थीव्ह्ज' घ्या, 1948 सालचा. गोष्ट दोन ओळींची. रोममधल्या एका बेकार माणसाला भिंतींवर पोस्टरं चिकटवायचं काम मिळतं, त्यासाठी सायकल हवी, आणि पहिल्याच दिवशी ती चोरीला जाते. पण त्याआधी सायकल गहाण पडलेली असते. ती सोडवायची म्हणून बायको पलंगावरच्या चादरी ओढून काढते. चादरींचे 7,500 लिरे मिळतात. आपल्याला वाटतं, चला, काम झालं. तेवढ्यात गहाणवटीच्या दुकानातला माणूस त्यांचं गाठोडं उचलून मांडणीवर चढायला लागतो. चढतो, आणखी चढतो. कॅमेरा त्याच्याबरोबर वर जातो तेव्हा दिसतं की त्या उंचच उंच मांडणीचे खण असल्याच गाठोड्यांनी गच्च भरलेत. म्हणजे शहरात किती घरं उघड्या गादीवर झोपत असतील! युद्धानंतरच्या गरिबीवर एक अक्षर कुणी बोलत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगा, ब्रूनो, सायकल पुसतोय. गहाण असताना तिला पोचा पडलाय, आणि बाप गहाणवाल्यांना काही बोलला नाही याचा त्याला राग आलाय. निघताना त्याचं लक्ष पलंगावरच्या तान्ह्या भावंडाकडे जातं. तो परत फिरतो, खिडकी लोटून घेतो आणि मग बाहेर पडतो. हे काही सेकंद कापले असते तर कथानकाचं काहीही अडलं नसतं. पण शेवटी तोच बाप सायकल चोरताना पकडला जातो आणि पोरगं ते बघत उभं असतं, तेव्हा आपल्या पोटात जे कालवतं ते या खिडकीमुळे. घरातलं एक कर्तं माणूस दुसऱ्याची फजिती बघतंय, असं ते दृश्य होतं. नुसतं गोड पोर असतं तर आपण हळहळलो असतो, एवढंच.

हाच सिनेमा सत्यजित राय यांनी 1950 साली लंडनमध्ये पाहिला आणि 'पथेर पांचाली' करायचा त्यांचा निश्चय पक्का झाला. 'पथेर'मधली काशफुलं आणि आगगाडी सगळ्यांनाच आठवते. (पहिल्या दिवसाच्या शूटिंगनंतर ती फुलं गुरांनी फस्त केली आणि पुढच्या मोसमापर्यंत थांबावं लागलं. निर्मात्यांनी हे ऐकून ठेवावं.) मला आठवतो तो मण्यांचा हार. अपूच्या बहिणीवर, दुर्गावर, तो चोरल्याचा आळ येतो, ती नाही म्हणते, आईचा मारही खाते. पुढे ती वारते. गाव सोडायच्या वेळी आवराआवर करताना अपूला फळीवरच्या वाडग्यात तोच हार सापडतो. तो कुणाला सांगत नाही. मागच्या तळ्याशी जातो आणि हार फेकून देतो. पाण्यावरचं शेवाळ फाटतं, काळं पाणी दिसतं, आणि मग शेवाळ हळूहळू सरकत पुन्हा जवळ येतं. मूळ कादंबरीत हार नाही, कुंकवाची सोन्याची डबी आहे, आणि अपू ती बांबूच्या बनात भिरकावतो. बनात वस्तू नुसती नाहीशी होते. पाणी मात्र आपल्या डोळ्यांसमोर मिटतं, आणि ते मिटेपर्यंत राय कॅमेरा हलवत नाहीत. बहिणीची अब्रू भावाने कशी झाकली, हे त्या पाण्यात दिसतं. कादंबरीच्या लेखकावर माझं प्रेम असूनही दिग्दर्शकाने केलेला हा बदल मला फार शहाणपणाचा वाटतो.

मराठीत हे कमी आहे असं समजू नका. 'फँड्री'त डुकरामागे धावणारं कुटुंब शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येताच जागच्या जागी उभं राहतं. डुकराला राष्ट्रगीत कळत नाही, ते निघून जातं. आपण हसतो, आणि हसल्याची लगेच लाज वाटते.

आणि चैतन्य ताम्हाणेंचा 'कोर्ट'. सुट्टी लागते, न्यायालयातले दिवे मालवले जातात, पडदा काळा होतो आणि बराच वेळ काळाच राहतो. सिनेमा संपला असं वाटून चपला शोधू नका, कारण खरी जागा पुढे आहे. न्यायाधीश महाराज कुटुंबकबिल्यासह सहलीला गेलेत. कुणाच्या तरी मुलाला बोलता येत नाही असं कळल्यावर ते नाव बदलायचा आणि अंगठीत खडा घालायचा सल्ला देतात, तोही अगदी मनापासून, नातेवाइकाच्या काळजीने. तोवर आपण या गृहस्थांना कलमं वाचताना, तारखा देताना पाहिलेलं असतं. कायद्याच्या भाषेत ते चोख होते. आता त्या सगळ्या तारखा आठवून बघा.