उन्हाळ्यात सुरात राहणारा ऑसिलेटर

(अमरावती जिल्ह्यातल्या एका गावच्या वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, टेबलावर हा जो डबा दिसतो आहे तो ऑसिलेटर, म्हणजे विजेवर सूर काढणारं यंत्र. त्याला एकच खुंटी आहे. फिरवली की सूर चढतो, उलटी फिरवली की उतरतो. आत 40106 हा आयसी (कपॅसिटर ठरावीक पातळीपर्यंत भरला किंवा रिकामा झाला की आउटपुट पलटणारा), एक कपॅसिटर आणि खुंटीखाली एक पॉट, म्हणजे फिरवून बदलता येणारा रेझिस्टर, बस. आज ह्याला एक जॅक लावायचा आहे, म्हणजे हाताऐवजी बाहेरून येणारा व्होल्टेज सूर बदलेल. तो कीबोर्डचा असो, सिक्वेन्सरचा, म्हणजे ठरवलेले स्वर ओळीने वाजवणाऱ्या यंत्राचा असो, नाहीतर उद्या तुमच्यापैकी कोणी खंजिरीच्या थापेतून काढलेला असो.

1964 मध्ये अमेरिकेत सिंथेसायझर हे इलेक्ट्रॉनिक वाद्य बनवणाऱ्या रॉबर्ट मूग यांनी हेच केलं आणि व्होल्टेजची सप्तकाशी सांगड घातली: एक व्होल्ट वाढला की सूर बरोबर एक सप्तक वर. आजचे युरोरॅक मॉड्युलही, म्हणजे सुटे डबे जोडून बनणाऱ्या सिंथेसायझरचे भागही, ह्याच हिशेबाने चालतात. आणि ही वस्तू आपल्याला फार परकी आहे असंही समजू नका. 1969 मध्ये अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी मूग सिंथेसायझर अहमदाबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनमध्ये आणून बसवला होता.

आता अडचण कुठे येते ते पाहा. सप्तक चढणं म्हणजे कंपनं दुप्पट होणं. 220 चे 440, 440 चे 880. व्होल्टेज मात्र एक, दोन, तीन असा सरळ चढतो. ह्या सरळ चढाचा दुपटीचा चढ कोण करणार? साधा ट्रान्झिस्टर करतो. त्याच्या तीन पायांपैकी बेस आणि एमिटर ह्यांमधला व्होल्टेज सुमारे 18 मिलिव्होल्टने वाढला की तिसऱ्या पायाचा, कलेक्टरचा करंट दुप्पट होतो. हा त्याचा स्वभावच आहे, शिकवावा लागत नाही.

म्हणून पॉट मूळ जागेवरून काढायचा. आयसीच्या आउटपुटवरून एक डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा) कपॅसिटरकडे न्यायचा. तो कपॅसिटर झटक्यात भरतो. रिकामा करायचं काम बीसी 547 ह्या ट्रान्झिस्टरकडे: कलेक्टर कपॅसिटरला, एमिटर ग्राउंडला. जितका करंट जास्त, तितक्या लवकर कपॅसिटर रिकामा, तितका सूर वर. कपॅसिटरवर करवती लाट तयार होते, ती टीएल 072 ह्या दोन ऑप-अँपच्या आयसीच्या एका बाजूने बफर करून, म्हणजे कपॅसिटरवर भार न टाकता, बाहेर घ्यायची. इथपर्यंतचं काम अर्ध्या दिवसाचं आहे. नेटवरच्या बहुतेक सर्किटच्या नकाशांचं लक्षही इथेच असतं, आणि ते नकाशे काढणाऱ्यांच्या खोलीत 22 अंश तापमान असतं.

(मागून एक विद्यार्थी: "मंग सर, मे महिन्यात हे आपल्याकडं चालन कसं?")

हाच प्रश्न हवा होता! हिशेब मांडू. ट्रान्झिस्टर एक अंश तापला की त्याच करंटसाठी त्याला सुमारे 2 मिलिव्होल्ट कमी लागतात. 18 मिलिव्होल्ट म्हणजे एक सप्तक. म्हणजे 9 अंशांत एक सप्तक! दुपारी मंडपात 45 अंश आणि रात्री भजनाच्या वेळी 30 धरले, तर सूर दीड सप्तकाहून जास्त घसरला. बाप्पा, हे वाद्य कोण घेईल साथीला?

ह्यावरचा उपाय जुना आहे. एकटा ट्रान्झिस्टर जुंपायचाच नाही, जोडी जुंपायची. बीसी 547 च्या बेसआधी बीसी 557 हा उलट जातीचा (पीएनपी) ट्रान्झिस्टर लावायचा: त्याचा कलेक्टर ग्राउंडला, एमिटर 547 च्या बेसला आणि तिथूनच 100 के (किलोओहम) रेझिस्टरने 12 व्होल्टला. दोघांची सपाट पाठ पाठीला लावून, मध्ये थर्मल पेस्ट भरून, वरून हीटश्रिंक, म्हणजे गरम केल्यावर आवळणारी नळी, चढवायची. मग बैलजोडीसारखं होतं, एक जितका पुढे सरकतो तितकंच दुसरा त्याला आवरतो.

तरीही एक दोष उरतो आणि तो जास्त छुपा आहे. ते 18 मिलिव्होल्ट कायम 18 नसतात. 10 अंशांना ते 16.9 असतात आणि 45 अंशांना 19. डिसेंबरच्या पहाटे सप्तक नीट लावून ठेवलं आणि मे महिन्यात वाजवलं, तर वरचा सा शुद्ध निषादापर्यंतही पोचत नाही. तीन सप्तकांत जवळजवळ चार स्वरांतरं (सप्तकात बारा धरून) कमी पडतात. खुंटीने हे सुधारता येत नाही, कारण सगळा सूर खाली आलेला नाही, सप्तकच आखडलं आहे.

बाहेरदेशी ह्यासाठी टेम्पको नावाचा खास रेझिस्टर वापरतात, अंशाला साधारण 0.33 टक्के वाढणारा. आपल्या तालुक्याच्या दुकानात तो मागितला तर दुकानदार तुमच्याकडेच पाहत राहील. पण तांब्याच्या तारेचा रोध अंशाला 0.39 टक्के वाढतो, आणि तांब्याची बारीक तार गुंडाळलेली वस्तू घरोघरी पडली आहे: जुन्या स्टॅबिलायझरमधला 12 व्होल्टचा छोटा रिले, म्हणजे कॉइलने चालणारा स्विच. त्याची कॉइल बहुधा 400 ओहमची असते. तिच्यासोबत सिरीजमध्ये 75 ओहमचा साधा मेटल फिल्म रेझिस्टर लावा, वाढ 0.39 वरून 0.33 वर येते. कॉन्टॅक्ट सोडून द्या, त्यांचं इथे काम नाही.

जोडणी अशी: जॅकचा व्होल्टेज टीएल 072 च्या उरलेल्या बाजूने बफर करा, मग 24 के चा रेझिस्टर आणि 5 के चा प्रीसेट (स्क्रूड्रायव्हरने फिरवायचा छोटा पॉट), मग 557 चा बेस; आणि त्याच बिंदूवरून कॉइल व 75 ओहम ग्राउंडला. काढलेला पॉटही इथेच परत येतो, 56 के मधून. रिलेचं अंग ट्रान्झिस्टरच्या जोडीला चिकटून हवं. कॉइल जड असते, तिला तापायला वेळ लागतो, तेव्हा चालू केल्यावर थोडं थांबूनच सूर लावा. आणि 7812, म्हणजे सप्लाय 12 व्होल्टवर स्थिर ठेवणारा आयसी, त्याच्याशिवाय हे लावूच नका. आपल्या लाइनीचा भरवसा तुम्हाला ठाऊक आहे आणि 40106 सप्लाय हलला की सूर हलवतो.

प्रीसेट फिरवताना मोबाइलवरचा ट्यूनर समोर ठेवा. आधी 1 आणि 2 व्होल्टमध्ये एक सप्तक मिळवा, मग 1 आणि 4 मध्ये तीन. हे दुपारी करा आणि त्याच दिवशी रात्री पुन्हा तपासा. रात्रीही सप्तक पुरं भरलं तर कॉइलने काम केलं. आखडलं किंवा ताणलं, तर 75 चा रेझिस्टर बदलून पाहा.

ज्यांनी रिले आणले आहेत त्यांनी आता पुढे या. आधी कॉइल मोजू, मग मुठीत धरून गरम करून पुन्हा मोजू. मल्टिमीटर दोनच आहेत, रांगेत या.