टाक आणि ताक

नमस्कार, श्रोतेहो.

आधी एक छोटीशी परीक्षा. मी दोन शब्द म्हणते, नीट ऐका. टाक. ताक. पुन्हा एकदा... टाक. ताक. कुणालाच अडचण आली नसणार. एकानं पूर्वी लिहीत असत, दुसरं आपण जेवताना पितो. पण लहानपणापासून फक्त इंग्रजीच कानावर पडलेल्या माणसाला हे ऐकवा. तो बहुधा म्हणेल, बाई, एकच शब्द दोनदा का म्हणताय? त्याच्या भाषेतला ‘टी’ आपल्या ट आणि त यांच्या अधेमधे कुठंतरी उमटतो. जुन्या नाटकातला गोरा साहेब ‘टुम क्या मांगटा’ म्हणाला की प्रेक्षागृह हसायचं. पण त्या बिचाऱ्याची नुसती जीभ जड नसते, त्याचा कानही तयार नसतो.

मग हा कान मिटतो कधी? कॅनडात, व्हँकुव्हरच्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीज यांनी नेमकं हेच तपासलं. त्यांचा निबंध १९८४ साली आला. बाळांना ऐकवलेले आवाज होते हिंदीतले, टा आणि ता. म्हणजे आपलेच की! जोडीला त्याच प्रांतातल्या मूलनिवासींच्या एका भाषेतले दोन आवाजही होते. इंग्रजी बोलणाऱ्या घरांतली ६ ते ८ महिन्यांची बाळं टा आणि ता यांतला फरक अगदी सहज ओळखत होती. १० ते १२ महिन्यांच्या बाळांत मात्र ओळखणारी जेमतेम उरली होती. हिंदी घरातल्या त्याच वयाच्या बाळांना काहीच अडचण नव्हती. पहिला वाढदिवस येईपर्यंत कान घरच्या भाषेचा झालेला असतो.

हे आता पाठ्यपुस्तकात आहे. मला आज बोलायचंय ते अशा प्रयोगाच्या खोलीत बसणाऱ्या माणसांबद्दल. कारण सहा महिन्यांच्या जिवाला ‘बाळा, फरक कळला का रे?’ असं विचारायचं तरी कसं?

खोलीत आईच्या मांडीवर बाळ. समोर टेबलापलीकडे एक सहायक, हातात खेळणं घेऊन. बाजूला स्पीकर, त्यातून एकसारखं टा, टा, टा चालू. मधेच आवाज बदलतो, ता! त्या क्षणी बाळानं स्पीकरकडे मान वळवली, तर तिथल्या काळसर पेटीत दिवा लागतो आणि आतलं खेळण्यातलं जनावर हलायला, वाजवायला लागतं. बाळ खूश. दोनचारदा असं झालं की त्याला गोम कळते. आवाज बदलला की मान वळवायची, गंमत दिसते. काचेपलीकडे बसलेला संशोधक मान वळल्याची नोंद घेतो. काही वेळा आवाज मुद्दाम बदलतच नाहीत. तेव्हाही बाळ वळलं, तर ते त्याच्या चुकांत जमा.

गंमत पुढेच आहे. आई आणि सहायक या दोघांच्याही कानांवर हेडफोन असतात आणि त्यांत संगीत चालू असतं. बाळ काय ऐकतंय, ते त्यांना ऐकूच येऊ नये म्हणून!

आपल्या दारात नंदीबैल यायचा, आठवतं? ‘सांग, पाऊस पडंल का?’ ढोलकं घुमायचं, गुबुगुबु, आणि बैल मान डोलवायचा. बैलाला पावसातलं काही कळत नसे, मालकाची खूण मात्र बरोबर कळे. बर्लिनमध्ये हान्स नावाचा एक घोडा असाच खूर आपटून गणितं सोडवायचा. १९०७ साली ऑस्कर फुंग्स्ट यांनी दाखवून दिलं, की तो आकडे नव्हे, समोरच्या माणसाच्या नकळत होणाऱ्या बारीक हालचाली वाचतोय. मांडीवरचं बाळ तर आईचा श्वाससुद्धा वाचतं. आवाज बदलताच आई नकळत जरा ताठ झाली, की संपलं. मान बाळाची, उत्तर आईचं.

म्हणून या लोकांचं कसब म्हणजे स्वतःला त्या खोलीतून पुसून टाकणं. खेळणं हलवणाऱ्याचंच पाहा. खेळणं फार गमतीचं झालं तर बाळ त्याच्यावरून नजर काढणार नाही. कंटाळवाणं झालं तर उगाचच इकडंतिकडं बघत बसेल. या दोन्हींच्या मधली, जेमतेम गुंतवणारी गंमत सतत चालू ठेवायची. ही पदवीच्या कुठल्या विषयात शिकवतात, देव जाणे.

आणि सगळं असूनही मालक बाळच. पालकांना फोन करून वेळ ठरवणाऱ्याला पहिल्यांदा विचारावं लागतं, झोपतं कधी, दूध कधी पितं. एवढं करूनही ठरल्या वेळी ते पेंगतं, नाहीतर भोकाड पसरतं. अशा निबंधांत एक कोरडं वाक्य बहुधा सापडतंच. इतकी बाळं रडल्यामुळे, किरकिरल्यामुळे वगळली. त्या अर्ध्या ओळीमागं किती जणांची अख्खी सकाळ गेलेली असते!

हेडफोन काढल्यावर आई काय विचारत असेल? आपल्याकडची तर हमखास विचारील, ‘पास झाला का हो?’ याला उत्तर नाही. एका बाळाच्या मान वळवण्यावरून त्याच्याबद्दल काहीच ठरत नाही. बोलते ती सगळ्यांची मिळून झालेली बेरीज.

इथवर माणसाला बाजूला ठेवायची धडपड. आता दुसरी बाजू. अमेरिकेत, सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात पॅट्रिशिया कूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. ९ महिन्यांच्या अमेरिकन बाळांसमोर मँडरिन चिनी बोलणारी माणसं येऊन बसायची, पुस्तकं वाचायची, खेळायची. अशा १२ बैठका. एरवी मिटत जाणारा कान त्या चिनी आवाजांसाठी उघडा राहिला. दुसऱ्या बाळांना तीच माणसं, तेच बोलणं डीव्हीडीवर दाखवलं. काहींना नुसता आवाज ऐकवला. त्यांच्यावर काडीचाही परिणाम नाही.

यावरून न्यू जर्सीतल्या नातवाशी व्हिडिओ कॉलवर बोलणाऱ्या आजींनी लगेच हिरमुसू नये. डीव्हीडी बाळाच्या हुंकाराला ‘हो का रे?’ म्हणत नाही, आजी म्हणते. पण सहा महिन्यांचा व्हिसा काढून, मेतकुटाची पुडी बॅगेत घालून जी आजी तिकडं जाते आणि मांडीवर घेऊन ‘ताक पितोस का?’ विचारते, ती त्या सिअ‍ॅटलच्या खोलीतलंच काम करत असते. फक्त तिची नोंद काचेपलीकडे कुणी घेत नाही, आणि कानाला हेडफोन लावायला ती कबूलही होणार नाही.

नमस्कार.