पाणी सोडायला निघालेला सॅम

श्रोतेहो, नमस्कार.

बैलगाडीत ओझं मागं जास्त झालं की गाडी उलाळ होते, पुढं जास्त झालं की धुरजड. धुरजड हा शब्द तेवढा ध्यानात ठेवा.

आज सांगायचंय ते सॅम्युएल चर्च या तरुण पोराबद्दल. सॅम म्हणू. तो आर-१०१ या ब्रिटिश हवाई जहाजावर रिगर होता. हवाई जहाज म्हणजे विमान नव्हे, हलक्या गॅसच्या जोरावर हवेत तरंगणारं जहाज. रिगर म्हणजे जहाजाच्या तारा, दोर, वरचं कापड आणि गॅसच्या पिशव्या सांभाळणारा. जहाज ७७७ फूट लांब, इंग्लंडात बेडफर्डजवळ कार्डिंग्टनला बांधलेलं. पोटात हायड्रोजनच्या पिशव्या, त्यांना अस्तर बैलाच्या आतड्याच्या पातळ पापुद्र्यांचं. हायड्रोजन कसा पेटतो ते तुम्ही शाळेत पाहिलंच आहे.

४ ऑक्टोबर १९३० च्या संध्याकाळी जहाज निघालं ते इजिप्तमार्गे कराचीला. तेव्हा सिंध मुंबई इलाख्यातच होता. कराचीत त्याला बांधून ठेवायचा मनोरा आणि प्रचंड शेड उभारून ठेवली होती. पण जहाजाची पुरती चाचणी झालेली नव्हती. हवाई खात्याचे मंत्री लॉर्ड थॉमसन यांना याच जहाजानं हिंदुस्थानला जाऊन लंडनच्या साम्राज्य परिषदेसाठी वेळेत परतायचं होतं. तारीख आधी ठरते आणि काम तिच्यामागं फरफटतं, हे मला कुठंही पटत नाही, मग तो पूल असो की जहाज. आणि कोनशिलेवर पाहुण्याचं नाव असतं, गवंड्याचं नसतं, तेही पटत नाही. असो.

मध्यरात्रीच्या सुमारास जहाजावरून बिनतारी संदेश गेला की पाहुणे उत्तम जेवले, शेवटचा सिगार ओढून झोपायला गेले, सगळं ठीक आहे. बाहेर फ्रान्सवर वादळी वारा आणि पाऊस.

रात्री दोनला पाळी बदलली. आणि काही मिनिटांतच जहाजानं नाक खाली घातलं. सावरलं. पुन्हा घातलं. जहाज धुरजड झालं होतं, श्रोतेहो. पुढच्या पिशव्यांतला गॅस निसटत असावा. वजन कमी करायला जहाजात पाणी भरलेलं असतं, ते सोडायचं की जहाज हलकं होतं. पण अगदी नाकाशी ठेवलेलं निकडीचं पाणी सुकाणूच्या खोलीतून सुटत नसे. तिथं माणसानं जायचं आणि हातानं सोडायचं.

सॅमला हुकूम मिळाला: पुढं जा, पाणी सोड. आणि सॅम निघाला. डोळ्यांसमोर आणा. मिणमिणता उजेड, पायाखाली अरुंद वाट, ती वाटच खाली उतरत चाललेली, आणि हा पोरगा त्याच उताराच्या दिशेनं, जे टोक जमिनीवर आधी टेकणार त्या टोकाकडं चाललाय. पाणी सोडायला.

तो पोचला नाही. दोन वाजून नऊ मिनिटांनी फ्रान्समधल्या बोव्हे गावाजवळ जहाज जमिनीला टेकलं. फार जोरात नाही बरं का. माणसं गेली ती आगीनं. चीफ कॉक्सवेन, म्हणजे मुख्य सुकाणूवाला, हंट झोपलेल्यांना उठवत गेला, "आपण खाली आलोय, पोरांनो," आणि तोही गेला.

सॅम भाजलेल्या अंगानं बाहेर आला. इस्पितळात त्यानं जबानी दिली: मला हुकूम मिळाला, मी निघालो होतो, तेवढ्यात जहाज टेकलं. तीन दिवसांनी, ८ ऑक्टोबरला तो गेला.

त्याच जहाजाच्या मागच्या इंजिनाशी बिंक्स आणि बेल होते. बिंक्स पाळीला उशिरा आला, म्हणून बेल अजून तिथंच थांबलेला. आगीनं दोघांना वेढलं आणि नेमकी वरची पाण्याची टाकी फुटली. पाणी दोघांच्या अंगावर कोसळलं. दोघं वाचले. पाण्यानं. मी हे कितीदा वाचलं असेल, पण इथं येऊन थांबतोच.

५४ पैकी ४८ गेले. त्यांत वॉल्टर पॉटर होता, १९२१ साली आर-३८ या जहाजाच्या अपघातातून वाचलेला. चौकशी सर जॉन सायमन यांनी केली. हो, तेच सायमन, ज्यांना दोन वर्षांपूर्वी मुंबईत काळे झेंडे दाखवले होते.

लॉर्ड थॉमसन आणि सॅम चर्च एकाच कबरीत आहेत, कार्डिंग्टनला. समोरच्या चर्चमध्ये जहाजाचा जळका झेंडा अजून लावलेला आहे.