दिवा न लावलेली खोली

श्रोतेहो, नमस्कार. सर्जनशील लेखनाचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यांना साहित्यातील परिभाषेचा बहुधा धाक वाटतो. अलंकारांची नावे परीक्षेपुरती पाठ करायची आणि लिहायला बसताना बाजूला ठेवायची, अशीच त्यांना सवय लागलेली असते. आज मला यांतल्या काही संज्ञा लिहिणाऱ्याच्या बाजूने पाहायच्या आहेत, कारण वाक्य कुठे फसले हे नेमके सांगण्यासाठी त्यांच्याइतका उपयोग दुसऱ्या कशाचाच होत नाही.

भरताच्या नाट्यशास्त्रात उपमा, रूपक, दीपक आणि यमक असे चारच अलंकार सांगितले आहेत. पुढच्या आचार्यांनी ही संख्या पुष्कळ वाढवली. आपण उपमेपासूनच सुरुवात करू. ‘तिचा आवाज करवतीसारखा कर्कश होता’ या वाक्यात आवाज हे उपमेय, करवत हे उपमान, कर्कशपणा हा साधारण धर्म आणि ‘सारखा’ हा साम्यवाचक शब्द आहे. ‘तिचा आवाज जणू करवतच’ असे म्हटले की ती उत्प्रेक्षा होते. आता हे ऐका: ‘तिच्या आवाजाची करवत खोलीभर फिरत राहिली.’ इथे ‘सारखा’ गेला, ‘जणू’ही गेले, आवाज आणि करवत एकरूप झाले, हे रूपक. शिवाय ‘कर्कश’ हा शब्दही गळला आणि त्याची उणीव भासली नाही, कारण करवत फिरू लागल्यावर तो कर्कशपणा वाचकाच्या कानांना आपोआप जाणवतो. माझ्या मते, नवोदित लेखकाची उपमा बहुतेक वेळा याच ठिकाणी अडते: उपमान चांगले सापडलेले असते, पण लेखक साधारण धर्म उलगडून सांगण्याचा मोह आवरत नाही.

कथेत याहून मोठा निर्णय असतो तो निवेदकाचा, म्हणजे कथा कोण सांगते याचा. प्रथमपुरुषी आणि तृतीयपुरुषी निवेदनातला फरक सर्वांना ठाऊक असतो, त्यामुळे तिथे मी थांबत नाही. एकच प्रसंग घेऊ. ‘त्या दिवशी नोकरी गेलेले वडील घरी आले आणि अंधारातच बसून राहिले’ हे सर्वसाक्षी निवेदकाचे वाक्य आहे. त्याला सगळे माहीत आहे आणि तो सगळे सांगतो. तोच प्रसंग सात वर्षांच्या मुलीने सांगितला, तर ती म्हणेल, ‘बाबा आज दिवा लावायला विसरले.’ नोकरीचा उल्लेखही नाही, आणि तरीही पहिल्या वाक्यापेक्षा हे वाक्य मनाला अधिक लागते. शब्दांच्या वाच्यार्थापलीकडे, म्हणजे थेट अर्थापलीकडे, असा सूचित अर्थ उमटवणाऱ्या शब्दशक्तीला व्यंजना म्हणतात. नवव्या शतकात आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोक’ या ग्रंथात अशा सूचित अर्थालाच काव्याचा आत्मा मानले.

या वाक्याला ‘कारण त्यांची नोकरी गेली होती’ एवढे जोडून पाहा. मुलीला जे ठाऊक नाही ते तिच्या तोंडी आले, दृष्टिकोन मोडला आणि व्यंजनाही संपली.

तो दिवा सध्या केवळ एक प्रतिमा आहे. कथा पुढे सरकताना तो दोन-तीनदा परतला आणि दर वेळी थोडा नवा अर्थ घेऊन आला, तर त्याचे प्रतीक होईल. मात्र ‘दिवा म्हणजे आशा’ असे लेखकाने स्वतः सांगता कामा नये. शेवटच्या पानावर त्या मुलीने खुर्चीवर चढून, हात लांबवून, स्वतःच तो दिवा लावावा आणि वडिलांनी डोळे किलकिले करून तिच्याकडे पाहावे, एवढे त्या कथेला पुरेल.