बसतो, पण चालतो का?

(दृश्य : पांढऱ्या कागदावर पालथा ठेवलेला प्रोसेसर. कॅमेरा इतका जवळ, की पिनांच्या रांगा मोजता याव्यात.)

चार सेंटिमीटर लांब, चार सेंटिमीटर रुंद. पोटाखाली १३३१ सोनेरी पिना. एका कोपऱ्यावर बारीकसा त्रिकोण. मदरबोर्डवर, म्हणजे कॉम्प्युटरच्या मुख्य सर्किट बोर्डवर, प्रोसेसर बसायची जी जागा असते, त्या सॉकेटलाही तसाच एक असतो. त्रिकोणासमोर त्रिकोण आणायचा, सॉकेटची दांडी उचलायची आणि प्रोसेसर नुसता ठेवायचा. तो आपल्या वजनानं आत उतरतो. बोटानं दाबायची वेळ आली, तर थांबा. काहीतरी चुकतंय.

हा एएमडी कंपनीचा, एएम ४ नावाच्या सॉकेटचा प्रोसेसर. हे सॉकेट २०१६ सालचं. पुढे २०२२ मध्ये एएम ५ आलं आणि पिना प्रोसेसरच्या पोटाखालून निघून सॉकेटमध्ये गेल्या. प्रोसेसरवर उरले १७१८ चपटे ठिपके. इंटेलनं डेस्कटॉपवर हा बदल २००४ सालीच केला होता. त्यांच्या सॉकेटच्या नावातले आकडे, ११५१, १२००, १७००, १८५१, म्हणजे याच ठिपक्यांची मोजदाद. आपल्या दृष्टीनं फरक एवढाच, की पूर्वी पिन वाकली तर प्रोसेसर गेला म्हणून रडायचं, आता मदरबोर्ड गेला म्हणून.

(दृश्य : शेजारी शेजारी ठेवलेले दोन मदरबोर्ड. सॉकेट दिसायला हुबेहूब एक.)

सॉकेटचा आकडा जुळला की काम झालं, असं वाटतं. हे दोन बोर्ड बघा. दोन्हींचं सॉकेट ११५१. पहिला २०१५ सालच्या, इंटेलच्या सहाव्या पिढीच्या वेळचा. दुसरा २०१७ च्या शेवटी आठव्या पिढीसोबत आलेला. सॉकेटचं माप तेच, खाचा त्याच. पण आठव्या पिढीत कोअर, म्हणजे प्रोसेसरमधले स्वतंत्रपणे काम करणारे भाग, वाढले, त्यांना वीज जास्त लागली, म्हणून काही ठिपक्यांची कामं बदलली. नवा प्रोसेसर जुन्या बोर्डात बसायचा. नुसता बसायचा. त्याला ३०० मालिकेचाच चिपसेट, म्हणजे बोर्डावरची जोडणी सांभाळणारी चिप, हवा होता.

एएम ४ ची कहाणी उलट्या दिशेची. या सॉकेटनं २०१७ च्या पहिल्या रायझनपासून (हे एएमडीच्या प्रोसेसरांचं नाव) ५००० मालिकेपर्यंत सगळ्यांना घरात घेतलं. अडचण झाली ती बायोसची, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या, बोर्डावरच साठवलेल्या प्रोग्रॅमची. बऱ्याच जुन्या बोर्डांवरच्या बायोसच्या चिपमध्ये जागाच १६ मेगाबाइटची. इतक्या पिढ्यांची माहिती तीत मावेना, म्हणून काही बोर्डांच्या नव्या बायोसमधून जुन्या प्रोसेसरांना वगळलं गेलं. नव्या प्रोसेसरला मात्र नवा बायोस लागतो, तेव्हा क्रम महत्त्वाचा. जुना प्रोसेसर बोर्डावर असतानाच बायोस अपडेट करून घ्यायचा, मग तो काढायचा. काही बोर्डांना मागच्या बाजूला एक बटण असतं, पेन ड्राइव्ह लावून ते दाबलं की प्रोसेसर नसतानाही बायोस बदलता येतो. बोर्ड घेताना मी हे बटण आधी बघतो, दिवे नंतर.

आणि बोर्ड बनवणाऱ्या कंपनीची यादी वाचायची. कुठला प्रोसेसर, बायोसच्या कुठल्या आवृत्तीपासून, हे त्यात ओळीनं दिलेलं असतं. कंटाळवाणी आहे, पण तिच्याइतकं खरं या विषयात दुसरं कोणी बोलत नाही.

रॅमचं पटकन सांगतो. एएम ४ ला डीडीआर४ प्रकारची रॅम, एएम ५ ला त्यापुढची डीडीआर५. इंटेलच्या १७०० सॉकेटचे बोर्ड दोन्ही प्रकारांत मिळतात, पण एका बोर्डावर सहसा एकच प्रकार चालतो. आणि इंटेलच्या प्रोसेसरच्या नावाशेवटी ‘एफ’ असेल तर त्यात ग्राफिक्स नाही. वेगळं कार्ड लावलं नाही, तर पंखे फिरतील आणि पडदा काळाच राहील.

(दृश्य : प्रोसेसरच्या खोक्यावर छापलेला वॅटचा आकडा.)

आता उष्णता. खोक्यावर लिहिलंय १२५ वॅट. इंटेल कोअर आय९-१३९००के. याच प्रोसेसरच्या तपशिलात दुसराही आकडा असतो, २५३ वॅट. पहिला मूळ वेगाचा, दुसरा धावण्याचा. एएमडीकडे १७० वॅटचा म्हणून विकलेला प्रोसेसर सॉकेटमधून २३० वॅटपर्यंत ओढू शकतो. कूलर, म्हणजे प्रोसेसरवर बसवून त्याला थंड ठेवणारा भाग, खोक्यावरच्या लहान आकड्यावरून घेतला, की व्हिडिओ रेंडर करायला लावल्यावर पाचव्या मिनिटाला पंखा किंचाळू लागतो.

ही सगळी उष्णता निघते कुठून? रायझन ७००० मालिकेत आठ कोअरचा सिलिकॉनचा तुकडा सुमारे ७० चौरस मिलिमीटरचा. बोटाच्या नखाएवढा. एवढ्याशा जागेतून उष्णता बाहेर काढणं हीच खरी अडचण, वर कितीही मोठा कूलर ठेवा. म्हणून या मालिकेतले वरचे प्रोसेसर पूर्ण भारावर ९५ अंश सेल्सिअसला जाऊन टेकतात आणि तिथंच काम करत राहतात. त्यांची आखणीच तशी आहे. तो आकडा बघून लोक घाबरतात, कूलर परत करायला निघतात. प्रोसेसर जळत नाही. मर्यादा आली की तो स्वतःहून वेग उतरवतो.

त्यातून एक सोपी वाट निघते, आणि ती फुकट आहे. प्रोसेसर खातो ती वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेगाचा शेवटचा टप्पा गाठायला व्होल्टेज चढवावं लागतं, म्हणजे शेवटचे थोडेसे मेगाहर्ट्‌झ सगळ्यात महाग पडतात. बायोसमध्ये जाऊन वॅटची मर्यादा खाली आणली, तर वेग थोडा कमी होतो, उष्णता बरीच. मी माझ्या मशीनवर हेच केलंय. पंख्याचा आवाज रात्री ऐकू येत नाही.

(दृश्य : उभा कापलेला हीट पाईप. आतली दाणेदार भिंत.)

हवेचा कूलर आणि पाण्याचा कूलर अशी भांडणं चालतात. हा हवेच्या कूलरमधला तांब्याचा पाईप. आत काय आहे? पाणी. चमचाभरही नाही. आतली हवा काढून टाकलेली, त्यामुळे ते कमी तापमानालाच उकळतं. वाफ कूलरच्या धातूच्या पातळ पत्र्यांकडे जाते, थंड होते, पुन्हा पाणी होतं, आणि या दाणेदार अस्तरातून झिरपत प्रोसेसरकडे परत येतं. ना पंप, ना आवाज.

पाण्याच्या कूलरमध्ये हेच काम पंप करतो. पाणी तापायला वेळ लागतो, म्हणून दोन मिनिटांच्या चाचणीत तो फार रुबाबदार दिसतो. अर्धा तास चालवून मग बघा. रेडिएटर, म्हणजे पाणी थंड करणारी जाळी, कॅबिनेटच्या छताला असलेला बरा. पंप सगळ्यात वर आला तर हवेचे बुडबुडे त्याच्यात अडकतात. २५० वॅटचा प्रोसेसर तासन्‌तास राबवणार असाल तर ३६० मिलिमीटरचा रेडिएटर घ्या, माझी हरकत नाही. बाकीच्यांना १२० मिलिमीटरचा पंखा असलेला साधा उभा कूलर पुरतो, आणि ६५ वॅटच्या बऱ्याच प्रोसेसरांना खोक्यात आलेलाच.

मापं मात्र घ्या. इंटेलच्या १२०० सॉकेटला कूलरच्या भोकांमधलं अंतर ७५ मिलिमीटर होतं, १७०० ला ७८ झालं. या तीन मिलिमीटरसाठी वेगळी पट्टी मागवावी लागते. उभा कूलर १६० मिलिमीटरच्या आसपास उंच असतो, आणि कॅबिनेटची काच तेवढी सवलत देईलच असं नाही. पंख्याखाली उंच रॅम अडते, ते वेगळंच.

(दृश्य : कूलरचा तळ. त्यावर चकाकणारी प्लास्टिकची पातळ फिल्म. एक नख तिचा कोपरा उचलतं.)

ही फिल्म आधी काढा. हसू नका, ती तशीच ठेवून कूलर बसवणारे खूप आहेत. मग वाटाण्याएवढी थर्मल पेस्ट. तांबं हवेपेक्षा सुमारे पंधरा हजार पट सहज उष्णता वाहून नेतं, म्हणून दोन धातूंमधल्या न दिसणाऱ्या खड्ड्यांतली हवा हटवायची. पेस्टचं काम तेवढंच. स्क्रू तिरपे, आळीपाळीनं, थोडे थोडे आवळायचे.

(दृश्य : कूलर वर उचलला जातो. त्याच्या तळाला प्रोसेसर चिकटलेला.)

माझ्या हातून हे झालंय. एएम ४, जुनी वाळलेली पेस्ट, मशीन थंड. कूलर सरळ वर ओढला. सॉकेटची दांडी बंद असूनही प्रोसेसर सोबत उपटून आला. मशीन दहा मिनिटं राबवून, पेस्ट मऊ झाल्यावर बंद करायचं आणि कूलर आधी डावी-उजवीकडे पिळायचा, हे मला माहीत होतं. दोन पिना वाकल्या. भिंग आणि मेकॅनिकल पेन्सिलचं रिकामं टोक घेऊन पाऊण तास बसलो. शेवटी प्रोसेसर आपल्या वजनानं आत उतरला. मशीन सुरू झालं. रॅमच्या दोन पट्ट्यांपैकी एकच दिसत होती.

पुन्हा उघडलं. या वेळी कूलर आधी पिळला.