कवितेचं पुस्तक बांधताना

श्रोतेहो, नमस्कार. कवी कुंजविहारींपासून दत्ता हलसगीकरांपर्यंत सोलापूरला कवितेची मोठी परंपरा आहे. आजही इथे नवे संग्रह निघतात, पण त्यातले बरेचसे हातात घेतले की जीव हळहळतो. ओळ मावली नाही म्हणून शेवटचा शब्द खाली ढकललेला असतो, आणि नुसत्या गोंदावर चिकटवलेली पानं चार वाचनांत सुटतात.

ओळ कुठे थांबायची हे कवीने ठरवलेलं असतं. म्हणून पुस्तकाचा आकार आधी ठरवूच नका. संग्रहातली सगळ्यांत लांब ओळ निवडलेल्या टायपात लावून मोजा, मग आकाराकडे वळा. डेमी पुस्तक साडेपाच इंच रुंद. दोन्ही समास सोडले की ओळीला जेमतेम चार इंच उरतात. अभंगाला ते पुरतात, मुक्तछंदाला पुरतीलच असं नाही. टायपाचंही तसंच. संगणकावरचा ‘मंगल’ र. कृ. जोशींनी घडवला, ते स्वतः कवी. पण तो पडद्यासाठी केलेला टाइप आहे, छापील कवितेला तो लावू नये असं माझं मत. आणि वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्या-रफारांना भिडू नयेत इतकं ओळींत अंतर ठेवा. १२ पॉइंटाच्या टायपाला एका ओळीपासून दुसरीपर्यंत १८ पॉइंट तरी हवेतच.

कागद ७० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला ७० ग्रॅम वजनाचा घेतलात तर मागची कविता पुढच्या मोकळ्या जागेत उमटते. ९० किंवा १०० घ्या. शिवाय कागदालाही ताण्या-बाण्यासारखी दिशा असते, हे विणकरांच्या गावात फोडून सांगायला नको. त्याचे तंतू पुस्तकाच्या कण्याला समांतर हवेत. आडवे गेले तर पान ताठ उभं राहतं, पुस्तक मिटू पाहतं. कागद फाडून बघा. ज्या बाजूने सरळ फाटेल, ती तंतूंची दिशा.

बांधणी जुजबंदीचीच, म्हणजे दोऱ्याने शिवलेली करा. १८ बाय २३ इंची कागद तीनदा दुमडला की १६ पानांचा फर्मा होतो. ६४ पानांच्या संग्रहाला असे चारच फर्मे शिवायचे, त्याचा खर्च फार नाही. पुठ्ठ्यावर आपल्या हातमागाचं कापड का लावू नये? फक्त ते थेट चिकटवू नका, विणीतून खळ वर येते आणि डाग पडतात. आधी कापडाच्या मागे पातळ कागद खळीने बसवा, वाळू द्या, मग पुठ्ठ्यावर चढवा. खळीत चिमूटभर मोरचूद घातला की कसर लागत नाही, हे जुने बाइंडर जाणतात.

तेव्हा प्रेसमध्ये गेलात की दर विचारण्याआधी त्याच कागदाची, तेवढ्याच पानांची कोरी डमी, म्हणजे न छापलेली नमुना प्रत शिवून मागा. ती टेबलावर मधोमध उघडा आणि हात काढून घ्या. पुस्तक आपणहून मिटलं, तर कागद बदलायला सांगा.