वास उडेपर्यंत

(दृश्य: रात्र. अंधारी खोली. कानाजवळ गुणगुण. दिवा लागतो. गुणगुण बंद.)

दिवा लावला की डास गप्प. विझवला की पुन्हा कानाशी हजर. ही लढाई आपण सगळेच कधी ना कधी हरलोय, तेव्हा तिचं वर्णन लांबवत नाही.

फक्त एक दुरुस्ती. रक्ताच्या शोधात कानाशी गुणगुणतो तो 'तो' नसतो, 'ती' असते. रक्त फक्त मादी पिते, कारण अंड्यांसाठी तिला त्यातली प्रथिनं हवी असतात. आणि अंधारात आपला ठावठिकाणा तिला आपणच कळवत असतो. आपल्या प्रत्येक उच्छ्वासातून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. त्याचा माग काढत ती कित्येक मीटरवरून येते. जवळ आली की घामातलं लॅक्टिक आम्ल, त्वचेवरच्या जिवाणूंनी तयार केलेले वास, आणि अगदी शेवटी अंगाची ऊब.

म्हणजे तिला मारायलाच हवं असं नाही. तिचा वास घेण्याचा कारभार बिघडवला तरी काम होतं. पळवणं वेगळं, मारणं वेगळं. हा फरक पुढे बऱ्याच ठिकाणी लागणार आहे.

(दृश्य: टेबल. काचेची बाटली, सिट्रोनेला तेलाची कुपी, अल्कोहोल, मोजमापाचा कप. शेजारी मुद्दाम ठेवलेलं एक घड्याळ.)

सिट्रोनेला हे गवती चहाच्या कुळातलं गवत. त्याच्या पात्यांतून ऊर्ध्वपातनाने तेल काढतात. त्यात सिट्रोनेलाल, सिट्रोनेलॉल, जिरॅनिऑल अशी सुगंधी द्रव्यं असतात. हा सुगंध गवताने आपल्यासाठी बनवलेला नाही. झाडाला पळता येत नाही, म्हणून ते रसायनांनी लढतं. 'नैसर्गिक' म्हणून ज्याला आपण निर्धास्तपणे जवळ करतो, ते मुळात कुणाला तरी लांब ठेवायला तयार झालेलं हत्यार असतं.

आता मिश्रण. पहिल्या खेपेला आम्ही तेल थेट पाण्यात टाकलं आणि बाटली खळाखळा हलवली. दोन मिनिटांत तेल वर, पाणी खाली. अशी बाटली फवारली तर आधी नुसतं पाणी येतं आणि शेवटी निव्वळ तेलाची पिचकारी, जी त्वचेवर पडली तर आग करू शकते.

म्हणून क्रम बदलायचा. 2 मिलिलीटर तेल, म्हणजे साधारण 40 थेंब, आधी 20 मिलिलीटर तीव्र अल्कोहोलमध्ये विरघळवायचं. त्यात द्रव साबणाचे दोन-तीन थेंब. मग हळूहळू पाणी घालत एकूण 100 मिलिलीटर करायचं. पाणी पडताच स्वच्छ द्रावण दुधाळ होतं. तेलाचे अतिसूक्ष्म थेंब पाण्यात तरंगायला लागतात, त्याचा तो रंग. तरीही प्रत्येक फवाऱ्याआधी बाटली हलवायचीच. आणि अल्कोहोल आहे, तेव्हा आसपास ज्योत नको.

हे मिश्रण खिडकीच्या जाळीवर, पडद्याच्या कडांना, दाराच्या चौकटीवर फवारायचं. अंगाला लावायचंच असेल तर आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून पाहायचं. लहान मुलांच्या चेहऱ्याला आणि हातांना नाही. ती हात तोंडात घालतात.

(दृश्य: फवारा. कॅमेरा घड्याळावर.)

आणि आता घड्याळ.

2002 मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एक तुलना प्रसिद्ध झाली. स्वयंसेवकांनी वेगवेगळी द्रव्यं लावलेले हात डासांच्या पिंजऱ्यात घातले आणि पहिला चावा कधी बसतो ते मोजलं. 23.8 टक्के डीट (डास पळवणारं कृत्रिम रसायन) असलेल्या उत्पादनाने सरासरी 301.5 मिनिटं निभावून नेलं. सिट्रोनेलाची बहुतेक उत्पादनं सरासरी 20 मिनिटंही टिकली नाहीत. मनगटावर बांधायच्या पट्ट्यांना तर अर्धं मिनिटही जमलं नाही.

सिट्रोनेला खोटं आहे का? नाही. लावल्या लावल्या ते काम करतंच. पण डासापर्यंत पोचायचं तर वासाला हवेत उडावं लागतं, आणि उडालेलं द्रव्य त्वचेवर उरत नाही. ज्या गुणामुळे ते चालतं, त्याच गुणामुळे ते संपतं. म्हणून 'हे चालतं का' या प्रश्नाला अर्थ नाही. विचारायचं ते 'किती वेळ?'

उडणं थोडं लांबवता येतं. एखाद्या जड वनस्पती तेलात सुगंधी तेल मिसळलं की ते सावकाश सुटतं. त्याच तुलनेत 2 टक्के सोयाबीन तेलावर आधारलेल्या एका उत्पादनाने सरासरी 94.6 मिनिटं दिली. वासाच्या नावाने फारसं काही नसलेलं सोयाबीन तेल सिट्रोनेलाच्या पुढे गेलं, हे वाचून मी आकडा दोनदा तपासला.

वनस्पतीजन्य गोष्टींत खरा टिकाऊ अपवाद एकच सांगतो. लिंबाचा वास येणारी एक निलगिरी असते. तिच्या तेलावर प्रक्रिया करून पीएमडी नावाचं द्रव्य मिळवतात. ते सिट्रोनेलापेक्षा कितीतरी सावकाश उडतं, काही तास पुरतं, आणि अमेरिकेची रोगनियंत्रण संस्था सीडीसी त्याची शिफारस करते. तीन वर्षांखालच्या मुलांना मात्र नाही. मेख अशी की त्या निलगिरीच्या कच्च्या सुगंधी तेलात पीएमडी फारच कमी असतं. म्हणून 'निलगिरी तेल' लिहिलेली कुपी आणून घरी तोच परिणाम मिळत नाही.

इथे स्पष्ट सांगायला हवं. जिथे डेंग्यू किंवा मलेरियाची साथ आहे, तिथे वीस मिनिटांच्या फवाऱ्याच्या भरवशावर झोपायचं नाही. तिथे मच्छरदाणी आणि डास पळवणारं, तपासून मंजूर झालेलं औषध. घरचा फवारा व्हरांड्यातल्या संध्याकाळच्या गप्पांसाठी.

आणि पंखा. त्यात ना तेल, ना वास, तरी तो कामाचा. डासाचं उडणं कमजोर. वाऱ्यात त्याला धड उतरता येत नाही, शिवाय आपला उच्छ्वास पांगतो आणि माग तुटतो. पायांकडे रोखलेला पंखा अनेक बाटल्यांना भारी पडतो.

(दृश्य: भिंतीच्या कडेने मुंग्यांची रांग. एक ओलं फडकं रांगेवरून फिरतं. मुंग्या गोंधळतात.)

मुंग्यांचं शास्त्र वेगळं. रांगेतली प्रत्येक मुंगी जाताना जमिनीवर गंधाची रेघ ओढत जाते आणि मागची ती गिरवते. फडक्याने नुसत्या मुंग्या झटकल्या तर रेघ तशीच राहते. साबणाच्या पाण्याने पुसली तर रेघच जाते. बघा, कशा जागच्या जागी गोल फिरतायत. व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं घेतलं तरी चालतं, फक्त संगमरवरावर नको. आम्ल दगड खातं.

पण वारूळ शाबूत आहे. उद्या दुसरी मुंगी दुसरी वाट शोधेल. तेव्हा पळवणं सोडून नेमकं उलटं करावं लागतं: बोलवायचं. 100 मिलिलीटर पाण्यात 10 ते 20 ग्रॅम साखर आणि फक्त 1 ग्रॅम बोरिक पावडर. त्यात भिजवलेला कापूस भोकं पाडलेल्या बंद डबीत ठेवायचा. बोरिक जास्त टाकण्याचा मोह होतो, आणि तिथेच फसतं. मुंगी वाटेतच मेली तर विष वारुळात पोचत नाही. 1 टक्का असेल तर ती घरी जाते आणि इतरांना भरवते. आठवडाभर रांग वाढलेलीही दिसेल. तेवढे दिवस तिथे कुठलाही उग्र वास फवारायचा नाही, नाहीतर पाहुणे दारातूनच परततील. बोरिक पावडर पोटात गेली तर माणसालाही विषारी. म्हणून डबी मुलांच्या आणि पाळीव प्राण्यांच्या हाती लागणार नाही अशीच ठेवायची.

झुरळांनाही हीच पावडर, पण कोरडी, आणि फुंकर मारल्यासारखी पातळ. ढीग दिसला की झुरळ वळसा घालून जातं. पातळ थरावरून चाललं की पायांना पावडर लागते, आणि झुरळाला पाय-मिशा तोंडाने साफ करायची सवय असते.

चिलटांसाठी वाटीभर व्हिनेगर आणि साबणाचा एक थेंब. आंबूस वासाला ती येतात आणि साबणामुळे पृष्ठताण मोडलेला असल्याने बुडतात. यापेक्षा जास्त सांगण्यासारखं त्यात काही नाही.

धान्यात मात्र एक गैरसमज आहे. डब्यात वासाचं पान ठेवलं की सोंडे होत नाहीत, असं म्हणतात. सोंड्याची मादी दाण्याला भोक पाडून आत अंडं घालते आणि भोक लिंपून टाकते. अळी वाढते ती दाण्याच्या आत. बंद दाराआडच्या अळीला पानाचा वास काय करणार? नवं धान्य आधी चार दिवस उणे 18 अंशांच्या फ्रीझरमध्ये, मग घट्ट झाकणाच्या डब्यात.

(दृश्य: कडुनिंबाची फांदी. पानांवरून सरकणारा कॅमेरा.)

कडुनिंबाला वगळून हा विषय पुरा होत नाही. 1959 साली सुदानमध्ये टोळधाड आली. बाकी हिरवं सगळं फस्त होत असताना कडुनिंबाची झाडं वाचली, हे हाइनरिख श्मुटेरर या जर्मन कीटकशास्त्रज्ञाने टिपलं. पुढे 1968 मध्ये बियांतून अझाडिरॅक्टिन वेगळं केलं गेलं. ते किड्याची खाण्याची इच्छा मारतं आणि कात टाकण्याची क्रिया बिघडवतं. म्हणजे जो झाड कुरतडतो किंवा रस शोषतो, त्याच्यासाठी हे अस्त्र. कुंडीतल्या झाडावर मावा किंवा पिठ्या ढेकूण पडला तर लीटरभर पाण्यात 5 मिलिलीटर निंबोळी तेल आणि थोडा साबण, संध्याकाळी, पानांच्या खालच्या बाजूने.

(दृश्य: टेबलावर कापूर, सुगंधी तेलांच्या कुप्या, लिंबू. खाली बसलेली मांजर.)

आता मघाचं झाडांचं हत्यार आपल्याकडे वळतं तेव्हा काय होतं, ते. कापूर थोडासा गिळला तरी लहान मुलाला झटके येऊ शकतात. मांजराच्या यकृतात काही द्रव्यं निकामी करणारी यंत्रणा फार दुबळी असते, म्हणून टी ट्री तेलासारख्या गोष्टी तिच्या अंगाला लावायच्या नाहीत, त्या असलेल्या बंद खोलीत तिला कोंडायचंही नाही. लिंबाचा रस अंगाला चोळून उन्हात गेलं की त्वचा भाजल्यासारखी फोडांनी भरू शकते.

आणि धूर. 2003 मधल्या एका अभ्यासात डासांची एक कॉइल जळताना 75 ते 137 सिगारेटींइतके सूक्ष्म कण सोडते असं दिसलं. पानं जाळली म्हणून धूर सौम्य होत नाही. फुप्फुसाला झाडाचं नाव कळत नाही.

(दृश्य: सकाळ. कुंडीखालची बशी. पाण्यात वळवळणाऱ्या बारीक अळ्या. जवळून.)

टेबलावरचं घड्याळ मिनिटांचं होतं. हे दिवसांचं आहे. अंड्यापासून उडणाऱ्या डासापर्यंत उबदार हवेत साधारण 7 ते 10 दिवस लागतात. आठवड्यातून एकदा ही बशी ओतली तर या अळ्यांना पंख फुटत नाहीत.

(दृश्य: बशी तिरकी होते. पाणी मातीत जिरतं.)

फक्त ओतून थांबायचं नाही. डेंग्यू पसरवणारा एडिस डास अंडी चिकटवतो ती पाण्याच्या रेषेच्या जरा वर, काठाला. कोरडी पडली तरी ती कित्येक महिने जगतात आणि पाणी चढलं की फुटतात. म्हणून हा ब्रश.

(दृश्य: ब्रश बशीच्या काठावर फिरतो. खरवडण्याचा आवाज. पडदा काळा होतो, आवाज काही क्षण चालू राहतो.)